भिंतीपलीकडचं इंजीन

सरळगाव, ता. मुरबाड
१४ जानेवारी १९४०

ति. अनंतादादा यास राहीचा नमस्कार.

दादा, काय ऐकते मी? काल लडकू गाडीवान किन्हवलीहून आला. पोती उतरवता उतरवता म्हणाला, "तुझ्या भावाच्या गिरणीला टाळं लागलं गो. सगली मानसं दारात बसलीत." मी विचारलं, चोरी झाली काय? तर हसला. "टाळं मालकानंच लावलंय," म्हणाला.

हे मला काही कळलं नाय. कामकऱ्यांनी काम थांबवलं तर त्याला संप म्हणतात, एवढं ठाऊक आहे. पण मालक आपल्याच गिरणीला टाळं लावतो, हे कसलं? आत्ता तर भाताचा हंगाम. गिरणी बंद ठेवून त्याला काय मिळतं? आणि टाळं लागलंच आहे तर तुमी घरी का जात नाय? बंद दारासमोर बसून दिवसभर करता काय? जेवता कुठं? बायकाही बसल्यात म्हणे, ते खरं? शिपाई मारतात का?

सगळं लिही. अर्धवट लिहिलंस तर मला झोप येत नाय, तुला माहीत आहे.

इथं घरात बरं आहे. वालाला शेंगा धरल्यात. घरातले विचारतात, इंजीन थंड पडून राहिलं की आतून गंजतं का? त्यांना तुझ्यापेक्षा तुझ्या इंजिनाची काळजी.

तुझी बहीण,
राही


शहापूर
१८ जानेवारी १९४०

चि. राही हीस अनंताचे आशीर्वाद.

तुझ्या घरातल्यांना, म्हणजे रघूला सांग, इंजिनाला रोज तेलाचा हात लागला तर गंजत नाय. पण आता आत जाऊन तेल लावणार कोण?

तू विचारलंस ते पहिल्यापासून सांगतो. आमच्या गिरणीत इंजिनापासून कांडणीपर्यंत एक लांब चामडी पट्टा फिरतो. त्याच्या बाजूलाच बायका तांदूळ पाखडतात. दिवाळीनंतर धोंडीबाईचा पदर त्या पट्ट्यात गेला. पदर सोडवायला तिनं हात घातला. मी इंजीन बंद करेपर्यंत उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. राही, इंजीन मी चालवतो. तिचा आवाज मला पट्ट्याच्या आवाजात आधी ऐकूच आला नाय.

आमी शेटला तीनदा सांगितलं, पट्ट्याला लोखंडी जाळी बसवा आणि धोंडीबाईला झेपेल ते काम द्या. तो हो म्हणाला नाय आणि नाय म्हणाला नाय. शेवटी सात तारखेला गिरजा उठली. गिरजा म्हणजे वाळवणाच्या खळ्यावरची मुख्य बाई. ती म्हणाली, "जाळी बसल्याबिगर आमी पट्ट्याजवल जानार नाय." मी इंजीन थांबवलं. अर्धा दिवस गिरणी गप्प होती. दुसऱ्या दिवशी आलो तर दाराला हे एवढं टाळं, आणि एक कागद. जो पहिल्यासारखं मुकाट काम करील त्यानं अंगठा द्यावा आणि आत यावं. आमी बेचाळीस जण. एकानंही अंगठा दिला नाय.

घरी का जात नाय? आमी दार सोडलं की दुसरी माणसं आत येतील आणि टाळं आपसूक निघेल. आमच्यावाचून निघेल. म्हणून बसायचं.

बसून काय करतो? पहिले दोन दिवस मलाही कळेना. हात रिकामे राहिले की ते आपले वाटतच नायत. मग गिरजानं पाळ्या लावल्या. सकाळी बायका, दुपारी आमी, संध्याकाळी सगळे. तीन दगडांची चूल आहे. येताना जो तो ओंजळभर तांदूळ नाहीतर नाचणीचं पीठ आणतो. डोंगरावरच्या पाड्यातले ठाकूर रानातले कंद, करांदे, आणून देतात. उकडले की मिठाबरोबर छान लागतात. दारू प्यायची नाय, दगड उचलायचा नाय, हे गिरजाचे नियम. शिपाई मारत नायत. एक हवालदार बसतो, म्हातारा, साताऱ्याकडचा. त्यानं पहिल्या दिवशी दरडावून विचारलं, "तुमचा पुढारी कोण?" गिरजा म्हणाली, "तीन बोटं." त्याला कळेना. तेव्हा धोंडीबाईनं फडकं सोडून हात दाखवला. तेव्हापासून तो आमच्याच चुलीवर चहा करतो.

तुझा दादा,
अनंता


सरळगाव
२८ जानेवारी १९४०

ति. अनंतादादा यास राहीचा नमस्कार.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. धोंडीबाई डाव्या हातानं जेवते का? तिला भरवावं लागतं का? तिच्या घरी कोण आहे? मला तिला बघावंसं वाटतं.

आमी बुधवारी म्हश्याच्या जत्रेला गेलो होतो. यंदा बैल पुष्कळ आले होते. सासऱ्यांसाठी घोंगडी घेतली. एक मुकादम आला होता, कोट घातलेला. चहाच्या पालाशेजारी उभा राहून तगडी माणसं शोधत होता. आमच्या गावातले नऊ जण आज त्याच्याबरोबर मोटारीतून गेले. घरातलेही त्यांतच आहेत. गवताच्या गंजी भरायचं काम आहे. काळजी करू नको.

दादा, उगीच विचारते. इंजीन चालवायला शिकायचं तर किती दिवस लागतात? नवख्या माणसाला इजा होते ती कुठं होते? हात कुठं घालायचा नाय? आणि तुमच्या गिरणीला मागच्या बाजूनं दार आहे का?

लवकर उत्तर दे.

राही


शहापूर
१ फेब्रुवारी १९४०

चि. राहीस आशीर्वाद.

तू लहानपणी जात्याच्या खुंट्याला धरून विचारायचीस, पीठ बाहेर येतं तर दाणा जातो कुठं. तशीच आहेस अजून! तुझ्या प्रश्नांनी मला फार बरं वाटलं. इथं बसून इंजिनाबद्दल बोलायला कुणी नाय.

तर ऐक. आमचं इंजीन घासलेटापेक्षा जाड तेलावर चालतं. त्याचं डोकं आधी दिव्यानं लाल होईस्तोवर तापवायचं. मग मोठं चाक हिसका देऊन फिरवायचं. नवख्याचा हात तिथंच मोडतो, कारण चाक कधी कधी उलटं झेप घेतं. दुसरा धोका बेरिंगचा. दोन्ही बाजूंना काचेच्या कुप्या आहेत, त्यांतून थेंब थेंब तेल पडत राहिलं पाहिजे. डावी कुपी तुंबते. बेरिंग कोरडं पडलं की तापतं, इंजीन ओढत चालतं आणि पट्टा सटकतो. सटकलेला पट्टा चाबकासारखा येतो. समोर कोण आहे ते बघत नाय. शिकायला म्हणशील तर हुशार माणसाला सहा महिने.

मागचं दार आहे. आणि त्याच दाराची गोष्ट सांगायची आहे.

सोमवारी आमी पुढच्या दाराशी होतो आणि मागून मोटार येऊन आत माणसं उतरवून गेली. ती आता आतच जेवतात, आतच झोपतात. बुधवारी सकाळी इंजीन सुरू झालं. राही, तू स्वतःच्या गाईचं हंबरणं दुसऱ्याच्या गोठ्यातून ऐकलंस तर तुला काय होईल? मी भिंतीला कान लावून बसलो. आतला माणूस नवखा आहे पण गाढव नाय. डोकं नीट तापवतो. चाकाला घाई करत नाय. पण डावी बाजू कोरडी होती. ठक ठक आवाज यायला लागला. मला बसवेना. मी भिंतीवर तोंड करून ओरडलो, "डावीकडची कुपी तुंबलीय! सुईनं मोकळी कर! पट्टा सटकंल!"

आमची माणसं माझ्यावर धावली. गिरजा म्हणाली, "तू कुनाच्या बाजूचा हायस? आतल्याला शिकवतोस?" मी म्हटलं, "पट्टा बाजू बघत नाय गो. पट्ट्याजवल कोन तरी उभा असंल."  धोंडीबाई म्हणाली, "वरड बाबा. आनखी मोठ्यानं वरड."

थोड्या वेळानं ठकठक थांबली. आणि मग आतून कुणीतरी नळीवर दोनदा वाजवलं. टण, टण. कळलं म्हणून.

त्या दिवसापासून माझ्या मनात तेच चाललंय. कोण असेल तो? कुठल्या गावचा? त्याला ठाऊक असेल का, कुणाच्या जागेवर तो उभा आहे? आमची तरणी पोरं म्हणतात, बाहेर आला की हाडं मोडू. मला वाटतं, आधी त्याला विचारावं, एवढं इंजीन तू कुठं शिकलास?

तुझा दादा,
अनंता


सरळगाव
४ फेब्रुवारी १९४०

दादा,

तो आतला माणूस तुझा मेव्हणा आहे. त्यांचं नाव मी कधी लिहिलं नाय, आज लिहिते. रघू.

मला ठाऊक होतं. जत्रेतून आल्यावर ते म्हणाले, शहापूरच्या गिरणीत इंजिनावर माणूस हवाय. मी म्हटलं, ती तर दादाची गिरणी. तर म्हणाले, "तुझा दादा मला कवा घेनार व्हता? तीन वर्सं मागं लागलोय." ते खरंच आहे. तुझ्याकडं आले की ते इंजिनाशीच बसायचे आणि तू हसून म्हणायचास, नांगर धरा रघूराव. ते गेले. मी अडवलं नाय. तुला सांगितलंही नाय. गवताच्या गंजी म्हणून खोटं लिहिलं. तुझं भांडण कळत नव्हतं असं नाय. दोन्हीकडं माझीच माणसं, म्हणून गप्प बसले. पण पट्टा चाबकासारखा येतो हे वाचलं आणि मग राहवेना.

बाकी आठ जणांना यातलं काही ठाऊक नाय. मुकादमानं त्यांना नवी गिरणी म्हणून नेलंय. त्यांच्या बायकांना मी काल माझ्या अंगणात बोलावलं आणि तुझी पत्रं वाचून दाखवली. धोंडीबाईचं सगळ्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग मी म्हटलं, तुमच्या माणसांना निरोप धाडायचा तर नावं सांगा, लिहून घेते. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला कुणी तयार होईना! शेवटी भिमी लाजत लाजत उखाण्यात बोलली, "वालाच्या वेलाला शेंगा आल्या दाट, धाकलूरावांची मी बघते वाट." मग सगळ्यांनी तसंच सांगितलं. हसूही आलं, रडूही आलं.

नऊ नावं आणि नऊ निरोप वेगळ्या कागदावर लिहून यात घातलेत. ते भिंतीपलीकडं पोचव. कसं पोचवायचं ते तू बघ. मी आले असते, पण सासरे तापानं पडलेत.

माझ्यावर रागाव. त्यांच्यावर हात टाकू नको.

राही


शहापूर
९ फेब्रुवारी १९४०

चि. राहीस,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वाचून मी उठलो आणि नाल्यापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा गिरजानं विचारलं, कोण गेलं? मी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. लपवलं असतं तर तिथं बसायची मला लाज वाटली असती. तरण्या पोरांपैकी एक म्हणाला, "म्हंजे तुझाच मानूस!" मी म्हटलं, हो, माझाच.

गिरजानं तुझा निरोपांचा कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाय, तरी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दुपारी जेवायला इंजीन थांबतं. तवा वाच."

दुपारी इंजीन थांबलं. मी मागच्या भिंतीशी बैलगाडीवर चढलो आणि पहिलं नाव वाचलं. लगेच आत मुकादमानं पत्रा बडवायला घेतला. माझा आवाज कुठं पुरणार? तेव्हा धोंडीबाईनं माझ्यामागून तेच नाव हाकारलं. मग गिरजानं. मग बेचाळीस जणांनी. मी एक ओळ वाचायची आणि सगळ्यांनी ती मोठ्यानं म्हणायची. ज्या पोरांना त्यांची हाडं मोडायची होती तीही ओरडत होती, "भिमाऽ! देवकी सांगते, बैल लंगडतोय, घरला ये!" "धाकलूऽ! भिमी सांगते, लेक रांगायला लागली!" सरस्वतीचा निरोप मला वाचताना जड गेला. "बुधूऽ! सरस्वती सांगते, तुमी ज्यांच्या जागेवर उभे आहात त्यांच्या घरात चूल पेटली का ते इचारा, मग जेवा!"

पत्रा थांबला. आत काही तरी ढकलाढकली झाली. मुकादमानं मागच्या दाराला अडसर घातला होता. आमचा हवालदार उठला, दाराशी गेला आणि शांतपणे म्हणाला, "माणसं कोंडून ठेवायचा हुकूम आहे का तुझ्याजवळ?" मुकादम म्हणाला, नाय. "मग उघड."

आठ जण बाहेर आले. माना खाली. कुणी त्यांना हात लावला नाय. रघू त्यांत नव्हता.

मी वाट बघत राहिलो. मनात वाईट वाईट आलं. अर्ध्या तासानं तो आला, कोपरापर्यंत तेलानं माखलेला. इंजिनातलं पाणी सोडून, कुप्या बंद करून, चाक पुसून आला होता. त्याला बघितलं आणि मी हात उगारला. खोटं कशाला लिहू? गिरजानं मनगट धरलं.

रघू म्हणाला, "पहिल्याच दिवशी तुमचा आवाज वळखला, भाऊ. तेल घातलं. नळीवर वाजवलं. पन बाहेर आलो नाय. तीन वर्सांनी इंजीन हातात आलं व्हतं."

धोंडीबाई पुढं झाली. तिनं विचारलं, "पट्ट्याजवल पाखडायला कोन व्हतं?"

"भिमा."

"त्याच्या धोतराचा सोगा खोचलेला व्हता का?"

रघूला आठवेना. त्यानं बघितलंच नव्हतं. तिनं आपला हात त्याच्यापुढं धरला. मग त्याच हातानं पान मांडलं आणि त्याला जेवायला बसवलं. 

आठ जण आज लडकूच्या गाडीनं सरळगावला निघालेत. रघू येत नाय. तो आमच्याबरोबर दाराशी बसणार म्हणतो. मी त्याच्याशी अजून बोललेलो नाय.

अनंता


सरळगाव
१४ फेब्रुवारी १९४०

ति. दादास राहीचा नमस्कार.

आठही जण पोचले. भिमानं गावाला सगळं सांगितलं. घरोघरी फिरून बायकांनी पीठ आणि वाल गोळा केलेत, लडकूबरोबर पाठवते. सासरे बरे आहेत.

तू त्यांच्याशी बोलत नायस, ते किती दिवस? ते रागावण्यासारखं वागले, ते मला कबूल. पण एक विचारू? तीन वर्षं तू त्यांना इंजिनाला हात का लावू दिला नाय? तुला ते मूर्ख वाटत होते? का दुसरं काही होतं? खरं सांग. मी आता तुझ्यापासून काही लपवत नाय, तूही लपवू नको.

राही


शहापूर
२५ फेब्रुवारी १९४०

चि. राही हीस अनंताचे आशीर्वाद.

गिरणी काल उघडली. पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते टाळावं म्हणून मी दहा दिवस पत्र लिहिलं नाय.

रघू मूर्ख नाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दोनदा बघून त्यानं मला विचारलं होतं, चाक आधी थोडं मागं का नेता? मला हे कळायला वर्ष लागलं होतं. राही, मी भ्यालो. तो शिकला असता, माझ्यापेक्षा चांगला झाला असता, आणि मग शेटला माझी काय गरज? म्हणून हसून नांगर धरायला सांगत राहिलो. हे मी परवा त्याला सांगितलं. तो जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. मला वाटायचं, माझ्यातच काय तरी कमी हाय."

आता गिरणीचं. नऊ जण निघून गेल्यावर मुकादमाला दुसरी माणसं मिळेनात. ही गोष्ट किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत पोचली होती. उकड्या तांदळासाठी हौदात भिजत घातलेलं भात तसंच पडून आंबलं, वास रस्त्यापर्यंत यायला लागला. वीस तारखेला शेटनं बोलावलं. जाळी बसवतो, म्हणाला. धोंडीबाईला खळ्यावर राखणीचं काम देतो. पण इंजीनवाला अनंता नको. ज्यानं इंजीन थांबवलं आणि भिंतीवरून नावं वाचली तो आत येणार नाय.

मी सगळ्यांना म्हटलं, मागितलं ते मिळालंय, तुमी आत जा. गिरजा म्हणाली, "तू गप. तुला कुनी इचारलंय?" आणि सगळी पुन्हा दाराशी बसली. राही, सहा आठवडे अर्धपोटी राहिलेली माणसं. मला त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी शेटचा दिवाणजी बाहेर आला. त्यानं रघूला बाजूला नेलं. इंजीन कायमचं तुझं, राहायला खोलीही देतो, असं शेट म्हणतो. मी लांबून बघत होतो. काय बोलणं चाललंय ते मला कळलं होतं. तो हो म्हणाला असता तर मी त्याला दोष दिला नसता. रघू सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "इंजीन भाऊचं हाय. त्यांना इचारा मला ठेवायचं का." दिवाणजी म्हणाला, "असा वेडेपणा करू नको." रघू आमच्यात येऊन बसला. 

तीन दिवस कुणी आत गेलं नाय. चौथ्या दिवशी टाळं निघालं, सगळ्यांसाठी.

लोहारानं जाळी बसवली होती. पट्टा सुरू करायच्या आधी धोंडीबाई पुढं गेली आणि डाव्या हातानं तिनं जाळी गदागदा हलवली. "खालून हलतंय," म्हणाली. शेट म्हणाला, एवढ्यानं काय होतंय. ती जागची हलली नाय. लोहाराला पुन्हा बोलावलं, त्यानं खालचा बोल्ट आवळला. तिनं पुन्हा हलवून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता सोड." मी चाक फिरवलं. पहिले ठोके पडले तशा बायका सूप घेऊन बसल्या.

रघूला मात्र शेट आवारात येऊ देत नाय. मी दोनदा सांगून बघितलं, ऐकत नाय. तो उद्या पहाटे सरळगावला निघतोय. हे पत्र टपालात टाकत नाय, त्याच्याच हाती देतोय. आपल्या हवालदाराचा भाऊ कसाऱ्याला सडकेच्या कामावर आहे. तिथं रस्ता दाबायचं नवं इंजीन आलंय आणि ते चालवणाऱ्याला हाताखाली माणूस हवाय. मी आज त्या इंजीनवाल्याला जाऊन भेटलो. रघूचं नाव सांगितलं. इंजीन कोरडं चालवणार नाय असा माणूस आहे, मी जामीन राहतो, असं म्हणालो. त्यानं होळीनंतर बोलावलंय.

हे मी रघूला सांगितलेलं नाय. त्याला वाचता येत नाय, त्यामुळं आपण खिशात काय घेऊन चाललोय ते त्याला ठाऊक नाय. तू त्याला समोर बसवून हे पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाच. या ओळीशी आलीस की जरा थांब, आणि त्याचं तोंड कसं दिसतं ते मला लिहून पाठव.

तुझा दादा,
अनंता